पुठ्ठ्याचे स्टेशन दोनदा बांधावे

मा. संपादक,

स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवण्यांत मुलांसाठी ‘कापा आणि चिकटवा’ पद्धतीच्या इमारती अधूनमधून छापून येतात. त्यांत रेल्वे स्टेशनही असते. लाल कौले, एक दार, दोन खिडक्या. मुले ते आवडीने कापतात. पण चित्राखाली मापाची पट्टी नसते, खरे स्टेशन कोणते ते लिहिलेले नसते आणि भिंतीला जाडी नसते. त्याऐवजी आपल्याकडच्या एखाद्या खऱ्या छोट्या इमारतीचे मोजून काढलेले रेखाचित्र छापावे, ही विनंती करण्यासाठी हे पत्र. ते रेखाचित्र हाती आल्यावर वाचकाने काय करायचे आणि काम कुठे बिघडते, हेही सविस्तर लिहीत आहोत. पत्र लांबले आहे, पण या कामात अर्धवट माहितीनेच जास्त नुकसान होते.

मॉडेल रेल्वेच्या दुकानात मिळणाऱ्या किटांतली स्टेशने बहुतेक जर्मन नाहीतर ब्रिटिश असतात. त्यांना आपल्यासारखा व्हरांडा नसतो, उंच जोते नसते, खिडकीला गज नसतात. मुर्तिजापूर-यवतमाळ मार्गावरचे किंवा जुन्या बार्शी लाइट रेल्वेवरचे स्टेशन कोणत्याच खोक्यात मिळत नाही. ते शून्यापासून स्वतःच बांधावे लागते. छंदातले लोक याला स्क्रॅचबिल्डिंग म्हणतात.

दिवाळीत किल्ला बांधणाऱ्या मुलांच्या हातांना या कामाचे वळण आधीच असते. फरक एवढाच की किल्ल्यावरचा मातीचा मावळा महादरवाजापेक्षा उंच असला तरी कोणाला खटकत नाही. मॉडेल रेल्वेत मात्र डोळा पहिल्यांदा तिथेच जातो. सर्वाधिक वापरातले प्रमाण एचओ, म्हणजे १:८७. त्यात खऱ्या जगातला १ मीटर ११.५ मिलिमीटरचा होतो, माणूस साधारण १९.५ मिलिमीटरचा आणि २.१ मीटरचे दार २४ मिलिमीटरचे. आपल्या जुन्या निळ्या आयसीएफ (चेन्नईच्या कारखान्यातल्या) डब्याची लांबी सुमारे २१.३ मीटर, म्हणजे मॉडेलमध्ये २४५ मिलिमीटर. ६०० मीटरचा फलाट याच हिशेबाने जवळजवळ ७ मीटर भरतो, म्हणून पूर्ण लांबीचा फलाट सहसा कोणी करत नाही. फलाट आखूड करावा. इमारत मात्र मापातच ठेवावी, कारण दार आणि माणूस शेजारी उभे राहतात.

रुळांचा एक गुंता इथेच सांगायला हवा. एचओचा तयार रूळ १६.५ मिलिमीटर रुंद असतो, तो युरोप-अमेरिकेतल्या १४३५ मिलिमीटरच्या गेजसाठी (गेज म्हणजे दोन रुळांमधले अंतर). आपले ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचे, त्याला खरे तर १९.३ मिलिमीटर हवेत. बहुतेक जण ही तडजोड स्वीकारतात, आणि स्वीकारावी. काही जण ती भरून काढण्यासाठी इमारतही लहान करतात, ते चूक आहे. डबे १:८७ चे असतील तर इमारत १:८७ चीच हवी. आनंदाची गोष्ट अशी की बार्शी लाइटचे (ही गाडी १८९७ मध्ये सुरू झाली, अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप) आणि विदर्भातल्या शकुंतलेचे (मुर्तिजापूर-यवतमाळ मार्गावरची गाडी) गेज ७६२ मिलिमीटर. त्याला ८७ ने भागले की ८.७६ येतात, आणि एन गेज या एचओहून लहान प्रमाणाचा तयार रूळ ९ मिलिमीटरचा असतो. पाव मिलिमीटरचा फरक डोळ्याला दिसत नाही. महाराष्ट्रातल्या या दोन जुन्या गाड्या मॉडेलसाठी इतक्या सोयीच्या असताना त्यांची स्टेशने फार थोड्यांनी केली आहेत, याचे वाईट वाटते.

सुरुवात मात्र स्टेशनापासूनही करू नये. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून तर नाहीच. फ्रेडरिक स्टीव्हन्स यांच्या त्या इमारतीला प्रत्यक्षात १८७८ ते १८८८ अशी दहा वर्षे लागली. पहिले काम फाटकाजवळच्या गेटमनच्या खोलीचे घ्यावे. एक दार, दोन खिडक्या, दोन उतारांचे छप्पर. स्टेशनाच्या बांधकामात जे काही येते ते सगळे इथे लहान आकारात आहे, आणि बिघडले तर चार संध्याकाळी वाया जातात, चार महिने नव्हे. शिवाय उड्डाणपूल आणि भुयारी मार्ग होतील तशी फाटके बंद होत आहेत आणि या खोल्या पाडल्या जात आहेत. त्या मोजून ठेवायची वेळ आत्ताच आहे.

आमचे मुख्य म्हणणे शीर्षकात आहेच. प्रत्येक इमारत दोनदा बांधायची, हे आधीच ठरवावे. पहिली लग्नपत्रिकांच्या कागदाची. घरोघर साठलेल्या जाड पत्रिका यासाठी उत्तम असतात. तिला रंग नाही, विटा नाहीत, फक्त भिंती, उघड्या जागा आणि छप्पर. वेळ दोन-तीन तास. ती टेबलावर ठेवून शेजारी एक डबा आणि एक माणूस उभा करायचा आणि दोन दिवस येता-जाता पाहायचे. हात चुकला तर ते लगेच कळते, तुकडा वाकडा दिसतो. मोजमापाची चूक मात्र शेवटपर्यंत लपून राहते आणि छप्पर बसवताना वर येते. कच्च्या इमारतीत ती दुसऱ्या दिवशीच उघडी पडते. चुकीचा तुकडा टाकून देऊ नये. त्याच्या मागे तारीख आणि कारण लिहावे: ‘बाजूची भिंत १० मिमी जास्त, जाडी वजा केली नाही.’ पुढे त्याच तुकड्यावर रंगाची परीक्षाही होते.

मोजमाप घेताना स्टेशन मास्तरांना किंवा गेटमनला विचारावे आणि रुळांवर उतरू नये. २ मीटरची काठी घेऊन तिच्यावर दर २० सेंटिमीटरला लाल-पांढरे पट्टे रंगवावेत. ती भिंतीला टेकवून उभी करावी आणि समोरून, भिंतीच्या मध्यावर उभे राहून, शक्य तितक्या लांबून झूम करून फोटो घ्यावा. जवळून घेतलेल्या फोटोत भिंतीच्या कडा फुगतात आणि वरचा भाग आत झुकतो. त्या फोटोवरून माप काढले तर खिडक्या मध्ये रुंद आणि कडेला अरुंद येतात. काठी भिंतीपासून एक पाऊल पुढे धरली तरी सगळी मापे कमी भरतात, कारण काठी कॅमेऱ्याच्या जवळ आल्याने मोठी दिसते. विटांची भिंत असेल तर आणखी एक साधन हाताशी आहे. जुनी वीट साधारण ९ इंच लांब आणि ३ इंच उंच, त्यावर १० मिलिमीटर चुना धरला तर एक थर ८६ मिलिमीटरचा. ८७ ने भागले की जवळजवळ नेमका १ मिलिमीटर. म्हणजे फोटोत जोत्यापासून वळचणीपर्यंत ३६ थर मोजले तर मॉडेलची भिंत ३६ मिलिमीटर. विटांचे आकार ठिकठिकाणी वेगळे असतात, म्हणून हाताला येणारे दहा थर टेपने मोजून खात्री करावी, मगच वरचे मोजत जावे.

रेखाचित्र संगणकावर काढून छापणाऱ्यांनी पानाच्या कडेला नेमकी १०० मिलिमीटरची रेघ काढावी आणि छापून आल्यावर ती पोलादी पट्टीने मोजावी. प्रिंटर ‘पानात बसवा’ या पर्यायावर असला तर ती ९६-९७ मिलिमीटर भरते. एक भिंत आज छापली आणि दुसरी उद्या दुसरीकडे छापली, तर दोन्ही कोपऱ्यात जुळत नाहीत आणि दोष कापणाऱ्या हाताला लावला जातो.

आता भिंतीची जाडी. नवशिक्याच्या इमारतीत आणि मुरलेल्या माणसाच्या इमारतीत सर्वांत मोठा फरक इथे असतो. जुन्या दगडी किंवा विटांच्या भिंती दीड फुटाच्या, म्हणजे ४५० मिलिमीटरच्या असत. मॉडेलमध्ये त्या सव्वापाच मिलिमीटर होतात. १ मिलिमीटरच्या पुठ्ठ्यात खिडकी कापून मागे पारदर्शक कागद चिकटवला की ती भिंत ८७ मिलिमीटरची, पत्र्याच्या टपरीसारखी दिसते. खिडकीची चौकट भिंतीत आत बसलेली दिसली आणि तिच्यावर कमानीची सावली पडली की इमारत एकदम जुनी होते, रंग लावण्याच्याही आधी. म्हणून भिंत थरांची करावी. बाहेर ३०० जीएसएमचे आयव्हरी कार्ड, आत २ मिलिमीटर माउंटबोर्डचे (चित्रे मढवायच्या जाड पुठ्ठ्याचे) दोन थर, सगळ्यांत आत पुन्हा कार्ड. एकूण ५ मिलिमीटरच्या आसपास. खिडकीची चौकट बाहेरच्या कार्डामागे नाही, पहिल्या आणि दुसऱ्या माउंटबोर्डच्या मध्ये बसते. सगळ्या थरांतल्या खिडक्या एकमेकांवर याव्यात म्हणून थर एकत्र धरून चारही कोपऱ्यांत टाचणी आरपार घालावी आणि त्या भोकांवरून प्रत्येक थर वेगळा आखावा.

जाडी आली की कोपऱ्याचा हिशेब आला, आणि सर्वाधिक इमारती इथेच बिघडतात. ३ मीटर चौरस खोली १:८७ मध्ये बाहेरून ३४.५ मिलिमीटर. पुढची आणि मागची भिंत पूर्ण ३४.५ ची कापली तर बाजूच्या भिंती दोन्हीकडची ५-५ मिलिमीटर जाडी वजा करून २४.५ च्या हव्यात. हे विसरून चारही सारख्या कापल्या की खोली ४४.५ मिलिमीटर खोल होते. चूक फक्त एक सेंटिमीटरची वाटते, पण खऱ्या मापात ती ८७ सेंटिमीटर आहे. गेटमनच्या खोलीत एक खाट जास्त मावेल इतकी. बाहेरचे कार्ड मात्र कोपऱ्यावरून पुढे जाऊन शेजारच्या भिंतीच्या जाडीवर बसले पाहिजे, नाहीतर कोपऱ्यात माउंटबोर्डच्या पांढऱ्या कडा दिसत राहतात आणि रंगानेही झाकल्या जात नाहीत.

कापण्याबद्दल थोडक्यात. ९ मिलिमीटरचा कटर, पोलादी पट्टी, खाली कटिंग मॅट. २ मिलिमीटरचा माउंटबोर्ड पाच-सहा हलक्या फटक्यांत कापायचा आणि पहिल्या फटक्यात फक्त वाट पाडायची. एका दमात जोर लावला की पाते आत तिरके जाते, पुढून भोक मापात आणि मागून लहान. कडेला तंतू निघू लागले की पाते बोथट झाले, पुढचा तुकडा मोडून टाकावा. पात्यात काटकसर करू नये. खिडकीच्या कोपऱ्यात पात्याचे टोक आधी टोचावे आणि तिथून मध्याकडे कापत यावे. मध्यापासून कोपऱ्याकडे गेले की पाते कोपरा ओलांडते आणि ती चीर रंग बसल्यावर जास्तच दिसते. कमानीसाठी हातावर विसंबू नये. हार्डवेअरच्या दुकानात चामडे आणि रेक्झिनला भोक पाडायचे गोल पंच मिळतात. १ मीटर रुंदीच्या अर्धगोल कमानीला १२ मिलिमीटरचा पंच लाकडी ठोकळ्यावर ठेवून ठोकावा, मग खालच्या दोन सरळ कडा कापाव्यात. ऑफिसातल्या पंचिंग मशीनचे सुमारे ६ मिलिमीटरचे भोक कौलांखालच्या गोल झरोक्याला चालते.

खिडकीचे गज ही बारीक गोष्ट आहे, पण तिच्यावर सगळे दिसणे ठरते. १६ मिलिमीटरचा लोखंडी गज १:८७ मध्ये ०.१८ मिलिमीटर होतो. काड्यापेटीची काडी २ मिलिमीटरची, म्हणजे खऱ्या मापात १७ सेंटिमीटर जाड. तो गज नाही, खांब झाला. शिवणाचा दोरा जाडीला जवळचा आहे, पण त्याला केस सुटतात आणि रंगाने ते जास्त उठून दिसतात. मासेमारीची ०.१८ किंवा ०.२० ची नायलॉन दोरी घ्यावी. चौकटीच्या वरच्या-खालच्या पट्टीला सव्वा ते दीड मिलिमीटरच्या अंतराने खाचा पाडाव्यात, दोरी मागेपुढे ताणून गुंडाळावी आणि पुढची ओळ चिकटली की मागची कापून टाकावी. काचेसाठी ओएचपी शीट, म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद. ती सुपरग्लूने चिकटवू नये. त्या गोंदाची वाफ काचेवर पांढरी बुरशी धरल्यासारखी बसते आणि पुसून निघत नाही. फेविकॉलचे चार ठिपके पुरतात.

छप्पर. इथली चूक हाताची नसते, नजरेची असते. समोरच्या चित्रात छपराची जी उंची दिसते तेवढाच तुकडा कापला जातो. पण छप्पर आपल्यापासून मागे झुकलेले असते. समजा इमारत ६० मिलिमीटर रुंद, उतार ३० अंशांचा आणि वळचण भिंतीबाहेर ७ मिलिमीटर. मध्यापासून वळचणीपर्यंतचे आडवे अंतर ३७, चढ २१.४ आणि खरी उताराची लांबी ४२.७ मिलिमीटर. ३० अंशांच्या छपराला समोरून दिसणारी उंची नेहमी खऱ्या लांबीच्या बरोबर निम्मी असते. म्हणून बाजूच्या त्रिकोणी भिंतीचे चित्र काढून कर्णाची लांबी पट्टीने मोजावी, गणित आवडत नसेल तरी. मंगळुरी कौल साधारण ४१० बाय २३५ मिलिमीटरचे असते, पण एकावर एक बसल्यावर उघडे राहते सुमारे ३२० बाय २१०. मॉडेलमध्ये एक ओळ ३.७ मिलिमीटरची आणि दोन नळ्यांमधले अंतर २.४ मिलिमीटर. पातळ कार्डावर रिकाम्या रिफिलने २.४ मिलिमीटरवर रेघा दाबाव्यात, त्याच्या ५ मिलिमीटरच्या पट्ट्या कापाव्यात आणि वळचणीपासून वर चढत जावे, दर ओळ ३.७ उघडी ठेवून. वरून खाली आले की प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीखाली सरकवावी लागते आणि ओळी वाकतात. वळचणीच्या पहिल्या ओळीखाली एक कोरी पट्टी जास्तीची घालावी, नाहीतर ती ओळ बाकीच्यांपेक्षा सपाट पडते. वरच्या उदाहरणात साधारण १२ ओळी बसतात. फोटोत मोजलेल्या ओळी १६ असतील तर कौलात नाही, आपल्या उताराच्या मापात चूक आहे.

पन्हाळी पत्र्यासाठी एक चांगली युक्ती आहे. पत्र्याच्या दोन नळ्यांमध्ये ३ इंच असतात, १:८७ मध्ये ०.८७ मिलिमीटर. ५ मिलिमीटर जाडीच्या आटे पाडलेल्या रॉडचे आटे ०.८ मिलिमीटरवर असतात, म्हणजे फारच जवळ. हॉटेलच्या पार्सलचा ॲल्युमिनियमचा डबा सपाट करून माउसपॅडवर ठेवावा आणि रॉड त्यावर दाबून लाटण्यासारखा फिरवावा. सुंदर नळ्या उठतात. पण आटे मळसूत्रासारखे फिरत जातात, त्यामुळे नळ्या लाटण्याच्या दिशेला जवळजवळ ३ अंशांनी तिरक्या पडतात. पत्रा मूळ कडेला समांतर कापला तर ३० मिलिमीटर लांबीत नळी दीड मिलिमीटर सरकते आणि छप्पर गाडीच्या वेगाने हलल्यासारखे दिसते. आधी लाटावे आणि मग उठलेल्या नळीला पट्टी लावून कापावे. खऱ्या पत्र्याच्या रुंदीइतके, साधारण ९ मिलिमीटरचे तुकडे करून एक-एक नळी एकमेकांवर चढवत बसवावेत. सलग एकच पत्रा कधी घालू नये. रंगापूर्वी साबणाने धुवावे आणि मेटल प्रायमर द्यावा. नुसत्या ॲल्युमिनियमवरचा ॲक्रिलिक रंग नखाने सालीसारखा निघतो.

पुठ्ठा का वाकतो याचे कारण एकदा समजले की निम्मा त्रास संपतो. पाण्याचा गोंद किंवा रंग एका बाजूला लागला की त्या बाजूचे तंतू फुगतात आणि सुकताना आखडून पुठ्ठा आपल्याकडे ओढतात. उपाय दोन. सुतार फ्रेंच पॉलिशला वापरतात ती लाख, १०० मिलिलिटर स्पिरिटमध्ये २० ग्रॅम, रात्रभर भिजवून गाळून घ्यावी आणि प्रत्येक तुकड्याला दोन्ही बाजूंनी व कडांना दोन हात द्यावेत. स्पिरिटात पाणी फार थोडे, त्यामुळे तंतू फुगत नाहीत, आणि सुकल्यावर पावसाळी हवाही सहज आत शिरत नाही. दिव्यापासून आणि गॅसपासून लांब, खिडकी उघडी ठेवून हे काम करावे. दुसरा उपाय म्हणजे जो रंग पुढे तोच मागे, दिसत नसला तरी. थर चिकटवल्यावर दोन काचांमध्ये वजनाखाली रात्रभर ठेवावेत. दोन तासांनी उचलून पाहिले की हमखास वाक येतो. लांब भिंतीला आतून दर ४०-५० मिलिमीटरला आडवी भिंत घालावी.

थर्माकोलचा मोह टाळावा. त्याची कड कधी स्वच्छ येत नाही आणि स्प्रेचा रंग किंवा रबराचा गोंद लागला की तो विरघळतो. खळही नको, कसर आणि झुरळे ती खातात. पावसाळ्यात मॉडेल बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावे. डांबरगोळ्या घालू नयेत, त्यांच्या वाफेने स्टायरिनचे प्लॅस्टिक मऊ पडते.

घाटमाथ्यावरच्या काळ्या दगडाच्या भिंतीसाठी आयव्हरी कार्डावर रिकाम्या रिफिलने सांधे दाबावेत. थर २ ते अडीच मिलिमीटरचा, कोपऱ्याचे घडीव दगड थोडे मोठे. उभे सांधे एकाखाली एक येऊ देऊ नयेत. असा गवंडी कोणी कामाला ठेवला नसता. मग रंग. बेसॉल्ट काळा नसतो. काळा रंग दिला की त्या जागी भोक पडल्यासारखे दिसते, कारण इतक्या लहान वस्तूवर गडद रंग आणखी गडद भासतो. मध्यम करडा रंग घेऊन त्यात चिमूटभर तपकिरी आणि थोडा पांढरा मिसळावा, सगळीकडे एक हात द्यावा, मग दर सात-आठ दगडांतला एक किंचित वेगळा करावा. सांध्यांसाठी पांढरा रंग नको. मळकट राखी रंग पातळ करून भिंतीवर सोडावा आणि लगेच सपाट बोटाने किंवा कोरड्या फडक्याने वरचा पुसून घ्यावा. रंग नेहमी मॉडेल जिथे ठेवायचे तिथल्या उजेडात मिसळावा.

जोत्याकडे फार थोडे लोक लक्ष देतात. रंगवून झालेली इमारत जमिनीवर नुसती ठेवली की खाली केसाएवढी फट राहते आणि सगळे घर तरंगते. भिंती जोत्याखाली आणखी ३ मिलिमीटर खोल न्याव्यात आणि जमिनीत तेवढा खड्डा करून इमारत त्यात रोवावी, भोवती बारीक चाळलेली माती गोंदाने धरावी. फलाटाची उंची मोजताना हीच गफलत उलट्या दिशेने होते. आपल्याकडचा उंच फलाट ७६० ते ८४० मिलिमीटरचा, म्हणजे मॉडेलमध्ये पावणेनऊ ते पावणेदहा, पण तो रुळाच्या माथ्यापासून मोजायचा, फळीपासून नाही. रूळ, स्लीपर आणि खालची खडी यांची उंची वेगळी मोजून त्यात मिळवावी. कडेचा दगड चिकटवण्यापूर्वी आपल्याकडचा सर्वांत लांब डबा हाताने ढकलत नेऊन पाहावा, वळणावर त्याचे पोट आत येते आणि टोके बाहेर जातात. छोट्या गेजच्या बऱ्याच स्टेशनांवर फलाट रुळाच्या पातळीचाच असे, तिथे हा प्रश्नच येत नाही.

नावाची पाटी पिवळी, अक्षरे काळी, खाली समुद्रसपाटीपासूनची उंची. ती पाटी खऱ्या पाटीच्या फोटोवरून करावी. संगणकातल्या अक्षरांना पाटीरंगाऱ्याच्या हाताचा बाक येत नाही.

आत दिवा लावायचा असेल तर जोडणीपूर्वी भिंती आतून आधी काळ्या आणि मग पांढऱ्या रंगवाव्यात, नाहीतर दगडी भिंतीतून कंदिलासारखा उजेड झिरपतो. १२ व्होल्टवर एका पांढऱ्या एलईडीला १ किलो-ओहमचा रेझिस्टर पुरतो, ९ मिलिॲम्पिअरच्या आसपास प्रवाह जातो आणि खोलीला तेवढा उजेड भरपूर होतो. छप्पर कायमचे चिकटवू नये.

ज्यांना हे काम प्रत्यक्ष पाहायचे आहे त्यांनी पुण्यातले भाऊ जोशी यांनी उभारलेले, १९९८ पासून सुरू असलेले लहान रेल्वेचे संग्रहालय पाहावे. तिथे गाड्यांकडे एकदा आणि इमारतींकडे दोनदा पाहावे.

आता विनंती. आपल्या पुरवणीत महिन्यातून एकदा तरी महाराष्ट्रातल्या एखाद्या खऱ्या रेल्वे इमारतीचे रेखाचित्र १:८७ मध्ये छापावे. गेटमनची खोली, सिग्नलची केबिन, मालधक्क्याची शेड, छोट्या गेजचे स्टेशन. चारही बाजू, एक आडवा छेद, भिंतीची जाडी स्पष्ट लिहिलेली. आणि प्रत्येक रेखाचित्राखाली ११५ मिलिमीटरची, म्हणजे खऱ्या १० मीटरची पट्टी छापावी. छपाईत पान थोडे लहानमोठे झाले तरी पट्टी त्याच प्रमाणात बदलेल आणि कापणाऱ्याला खरे माप काढता येईल. ज्या वाचकांच्या घरी बार्शी, पंढरपूर, लातूर, यवतमाळ, अचलपूर या मार्गांवरच्या स्टेशनांचे जुने फोटो आहेत, त्यांनी आपल्याकडे पाठवावेत. फोटोत कोणी माणूस इमारतीला टेकून उभा असेल तर त्याची उंची मागे लिहून पाठवावी, तेवढ्यावरून सगळी इमारत मोजता येते.

आपले,
मॉडेल रेल्वेचा छंद जोपासणारे काही वाचक,
पुणे